नवस न बोलता: बेकारीच्या काळातली श्रद्धा

तापीकाठचा (धागाकर्ता)

आपल्या खान्देशात सध्या कितीतरी घरांत कर्ता माणूस घरी बसून आहे. त्याबद्दल आपण बोलतो ते एक तर दबक्या आवाजात, नाहीतर सरकारच्या नावाने बोटं मोडत. त्या माणसाच्या आत दिवसभर काय चालतं आणि त्यातून तो देवाजवळ जातो की देवापासून तुटतो, यावर बोलणं होत नाही. ते व्हावं म्हणून हा धागा. मी यातून गेलोय, म्हणून माझ्यापासून सुरुवात करतो.

मी जळगावच्या एमआयडीसीत एका चटईच्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो. जुनं प्लास्टिक दळून दाणा, दाण्यापासून पट्टी, पट्टी लूमवर चढवून चटई, असं ते काम. मशीन अडलं की रात्री-अपरात्री बोलावणं मलाच यायचं आणि त्याचा मला अभिमान होता. पंचेचाळिशी ओलांडली आणि मालकाने दोन शिफ्टची एक केली. पुढे तीही थांबली. हिशेब अर्धवट हातात आला, बाकीचा ‘बघू’वर राहिला.

पैशाची ओढाताण सगळ्यांना माहीत असते, त्यावर जास्त लिहीत नाही. मला जड जायची ती संध्याकाळची सहाची वेळ. कॉलनीतले सगळे डबे सायकलीला, गाडीला अडकवून परत येतात आणि आपण ओट्यावर बसलेलो असतो. कोणी वाईट बोलत नाही. ‘काय भाऊ, आज सुट्टी?’ एवढंच. पण त्या एका प्रश्नासाठी मी सहा वाजता घरात जाऊन दार लोटून घ्यायला लागलो.

आपल्या मातीतली मुक्ताई आठवा. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेव झोपडीचं दार लावून बसले, तेव्हा त्यांना बाहेर काढलं ते धाकट्या बहिणीने. हे मी लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो होतो. माझ्या दारावर थाप मारली ती समोरच्या गल्लीतल्या एका माळकरी आबांनी. म्हणाले, ‘हरिपाठाला माणूस कमी पडतंय, टाळ धरायला ये.’ मला टाळ येत नाही म्हटलं तर म्हणाले, ‘नुसता उभा राहा.’

विठ्ठल मंदिरात हरिपाठ सहालाच असतो. म्हणजे ज्या वेळेला मी दार लावायचो, त्याच वेळेला आता मी पावली धरून उभा असायचो. शेजारी दूध डेअरीवाला, पलीकडे रिटायर गुरुजी, मागे बांधकामावरचा मिस्त्री. तिथे मला कोणी विचारलं नाही की सध्या काय करतोस. ते मुद्दाम विचारत नव्हते असं नाही, त्या वेळेत तो प्रश्नच कोणाच्या डोक्यात नसतो. माझी श्रद्धा तिथून सुरू झाली असं मी मानतो. आधी देवाला हात जोडत होतो, पण ते सवयीने.

नवसाचं सांगतो. एका चतुर्थीला पद्मालयाला गेलो. एरंडोलजवळचं ते देऊळ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलं असेल, उजव्या आणि डाव्या सोंडेचे दोन गणपती शेजारी शेजारी आहेत. नवस बोलायचा म्हणूनच गेलो होतो. गाभाऱ्यासमोर उभा राहिलो आणि काय बोलू ते सुचेना. नोकरी दे, मी तुला अमुक देईन, असं म्हणायला माझ्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं. शेवटी तोंडून निघालं ते एवढंच की, बाप्पा, घर कसंतरी चालतंय, ते कोणाच्या जिवावर चालतंय ते मला दिसू दे.

आणि ते खरोखर दिसायला लागलं. किराणा दुकानदाराने वहीत आमचं पान पुढे ढकललं आणि महिना संपला तरी तगादा लावला नाही. मेव्हण्याने ‘शेतात ठेवायला जागा नाही’ असं सांगून दादरचं, म्हणजे ज्वारीचं, पोतं आणून टाकलं. जागा भरपूर आहे त्याच्याकडे, मला माहीत आहे.

सगळ्यात जास्त मी पाहिलं ते चैत्रात बिबड्यांच्या वेळी. आमच्या घरी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, दरवर्षी होतात, पण मी त्या वेळी कायम कंपनीत असायचो. ज्वारी तीन दिवस भिजत घालायची, दळायची, मग पहाटे चूल पेटवून मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा. त्यात लसूण, मिरची, जिरं, तीळ. घाटा गरम असतानाच खाटेवरच्या ओल्या धोतरावर थापावा लागतो, थंड झाला की हाताला येत नाही. त्या वर्षी बायकोने विकण्यासाठी बिबडे करायला घेतले आणि घाटा हलवायचं काम माझ्याकडे आलं. तो हलवताना मनगटं भरून येतात. पहाटे साडेचारला गल्लीतल्या पाच-सहा बायका आपापले पोळपाट घेऊन आल्या. आज आमच्याकडे, उद्या शेजारी, परवा कोपऱ्यावर. मजुरी नाही, कोणी मोजदाद ठेवत नाही. थापून झालं की वाटीभर गरम घाटा, वर कच्चं तेल, तो खाऊन आपापल्या घरी. मी वीस वर्षं पगार आणत होतो आणि घर माझ्यावर चाललंय असं समजत होतो. घर या बायकांच्या हातांवरही उभं होतं, आणि तेव्हाही होतं.

नोकरी गेली म्हणून मी देवाचे आभार मानत नाही. ती गेली हे वाईटच झालं. पण ती गेल्यावर ज्यांनी धरलं त्यांचे मानतो, आणि त्यांच्या पाठीमागे मला तो दिसतो. आता एका दाळ मिलमध्ये देखभालीचं काम करतो. पगार आधीपेक्षा कमी आहे. हे हरिपाठाचं फळ आहे असं मी कोणाला सांगत नाही, कारण माझ्यापेक्षा नेमाने हरिपाठ करणारे दोघं अजून घरीच आहेत.

तुमचे अनुभव लिहा.

मेहरूणकर

दादा, सहा वाजताचं वाचून थांबलो. माझा भाऊ तसंच करतो. आम्हाला वाटायचं त्याला माणसं नकोशी झाली आहेत. आज त्याला घेऊन तलावावर फिरायला जातो, बरोबर सहालाच.

सातपुड्याची_लेक

लेख मनापासून लिहिलाय. बायकांच्या कष्टाकडे पाहिलंत, बरं वाटलं. पण दुसरी बाजू मांडते, राग मानू नका.

माझ्या मिस्टरांची पुण्यातली नोकरी गेली आणि आम्ही फैजपूरला परत आलो. त्या काळात मला जो येईल तो सांगायचा, ‘देवाचे आभार मान, नवरा धडधाकट आहे, घर स्वतःचं आहे.’ ते खरं होतं. पण दुसऱ्याने सांगितलेली कृतज्ञता गळ्याखाली उतरत नाही हो. मुलीची फी भरायची होती आणि मला रडायचं होतं. आभार मानायला लावून माणसाचं रडणं बंद करणाऱ्यांचा मला तेव्हा फार राग यायचा, आजही येतो.

माझी श्रद्धा परत आली ती आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीमुळे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे कानबाई बसते, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. रोटांचे म्हणजे प्रसादाचे गहू, पुरणपोळ्या, नारळाची स्थापना, रात्रभर गाणी आणि सोमवारी मिरवणुकीने विसर्जन. खर्च असतो. त्या वर्षी मी मोठ्या जाऊबाईंना म्हणाले, यंदा आमच्याकडून काही जमणार नाही, आम्ही येत नाही. त्या म्हणाल्या, ‘रोटाचे गहू घरातल्या माणसांच्या नावाने निघतात, पगाराच्या नावाने नाही. तुझ्या माणसाच्या नावाची मूठ मी काढली आहे.’ झालं. मी भांडी घासायला म्हणून गेले आणि रात्रभर गाणी म्हणत बसले. आमचं नाव त्या गव्हात होतं, हे मला कोणत्याही उपदेशापेक्षा जास्त पुरलं.

विवेकी_जळगाव

मी देव मानत नाही, तरी धागा आदराने वाचला. धागाकर्त्यांनी नोकरी आणि हरिपाठ यांची सांगड घातली नाही, हे मला फार आवडलं.

माझी काळजी वेगळी आहे. आपल्याकडे कारखाना बंद पडला की कामगार गप्प घरी जातो. ‘नशिबात होतं’ म्हणतो. मालकही तेच म्हणतो. कृतज्ञता असावी, पण ती घेणं बुडवणाऱ्याच्या कामाला येऊ नये. म्हणून ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी लिहितो.

ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सुटताना मालकाने द्यायच्या रकमेचा, कायदा १९७२ चा होता. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली. कायम कामगाराची सलग ५ वर्षं सेवा झाली असेल तर दर वर्षाला १५ दिवसांचा पगार धरून ती मिळायला हवी. मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, मग सेवेच्या वर्षांनी गुणायचं. रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासह. नाही दिली तर त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

दुसरं, ज्यांचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात होता त्यांच्यासाठी २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. नोकरी गेल्यावर सरासरी रोजच्या मजुरीच्या ५० टक्के रक्कम, ९० दिवसांपर्यंत, आयुष्यात एकदा. शिस्तभंगावरून काढलं असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर मिळत नाही. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवतात, म्हणून अर्जाआधी शाखा कार्यालयात चौकशी करा. आपल्याकडे हे माहीतच नसतं, आणि पात्र असलेली माणसं सोनं गहाण ठेवतात.

गिरणाकाठ_आबा

माझं वय आता साठीच्या पुढे. ७२ च्या दुष्काळात मी शाळकरी पोर होतो. आमची माय पाझर तलावाच्या कामावर जायची, टोपलीने माती वाहायची. दुपारी आम्हा पोरांना सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलो, लाल ज्वारी. तिची भाकरी चवीला कशी लागायची ते त्या पिढीला विचारा. माय पहिल्या भाकरीचा तुकडा काढून गाईला द्यायची. गाय आमची नव्हती, आमची तर विकली गेली होती. शेजारच्याची गाय. मी भुकेला असायचो आणि मला तो तुकडा हवा असायचा. मी मागितला तर माय म्हणायची, ‘आपलं पोट भरलं नाही म्हणून दुसऱ्याला द्यायचं नाही, असं ठरवलं तर कधीच देता येणार नाही.’

विवेकी भाऊंचं पटतं आणि त्यात एक भर घालतो. मायला जे काम मिळालं ते आभाळातून पडलं नाही. वि. स. पागे यांच्यासारख्या माणसाने रोजगार हमीचा विचार मांडला, सरकारमागे लागून राबवला, पुढे १९७७ मध्ये महाराष्ट्रात त्याचा कायदा झाला. देशाचा कायदा व्हायला २००५ उजाडलं. मी रोज पूजेत पितरांचं नाव घेतो तेव्हा पागे साहेबांचंही घेतो. घरातले हसतात, मी घेतो. ज्याने आपल्या मायच्या हाताला काम दिलं तो आपल्या देव्हाऱ्यात बसायला हवा.

अभ्यासिका_धुळे

सगळ्यांना नमस्कार. वाचत होतो, लिहू की नको असं चाललं होतं.

तुमच्या सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या. आमची आलेलीच नाही. वय २८, धुळ्यात अभ्यासिकेत बसतो, एमपीएससी. माझ्या बाकाच्या आजूबाजूला सगळे असेच. गावी गेलो की देवळातलेच लोक आधी विचारतात, ‘लागला का कुठे?’ त्यामुळे दादांना हरिपाठात जे मिळालं ते मला मिळत नाही, उलट तिथे जायचीच भीती वाटते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण माहेरी आली होती. तिने निघताना माझ्या पुस्तकात पाचशेची नोट ठेवली. तिचं स्वतःचं कसं चाललंय मला माहीत आहे. त्या नोटेबद्दल कृतज्ञ व्हायचं की शरमायचं? मला दोन्ही एकदम होतं आणि मग अभ्यास होत नाही. दादा, तुम्ही घेताना काय करत होतात? मेव्हण्याचं पोतं घेताना?

खान्देशी_माणूस

भाऊ, तुन्हं वाचीसन डोयामा पानी उनं. बहीनन्या पैसा पोथीमा ठेवेल र्‍हातंस, त्या हिशोबना नसतंस. घे, आनि वाच.

जंक्शनवाला_भुसावळ

अभ्यासिका भाऊ, तुमच्या प्रश्नाशी मी फार झगडलोय. भुसावळला ठेकेदाराकडे काम करत होतो, ठेका बदलला आणि जुन्या पोरांना घेतलं नाही. रमजान आला. मशिदीत इफ्तारला दस्तरखान अंथरलेलं असतं, खजूर-पाणी पुढे येतं, कोणी आणलं ते कोणाला ठाऊक नसतं, तिथे मी निवांत बसायचो. पण मोहल्ल्यातल्या एका चाचांनी जकातीचे पैसे द्यायला घरी बोलावलं तेव्हा मी गेलो नाही. आजवर वडील जकात काढायचे, आम्ही देणारे होतो.

चाचा स्वतः आले. म्हणाले, जकात शिल्लक संपत्तीवर अडीच टक्के निघते आणि ती कोणाला द्यायची त्याचे आठ प्रकार कुराणात सांगितलेत. त्यात गरीब आहे, तसा कर्जाखाली दबलेलाही आहे. ‘हे माझे पैसे नाहीत, मी नुसता पोचवतोय. तू घेतले नाहीस तर माझं काम अर्धं राहील.’ मी घेतले आणि दुकानाचं भाडं भरलं. आज मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालतंय. देणाऱ्याचा धर्म पुरा होण्यासाठी घेणारा लागतो, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. मी आता नमाज पढतो तेव्हा माझं मागणं कमी झालंय, शुक्र जास्त.

तापीकाठचा (धागाकर्ता)

भुसावळच्या भाऊंनी माझ्यापेक्षा चांगलं उत्तर दिलं. अभ्यासिका भाऊ, तरी विचारलंय म्हणून सांगतो. पोतं घेताना मी काही बोललो नाही, मेव्हण्याच्या डोळ्याला डोळाही दिला नाही. शरम वाटली आणि ती बराच काळ गेली नाही. ती जाईल तेव्हाच आभार मानू असं म्हणालो असतो तर आजही थांबलो असतो. दोन्ही एकदम असू द्या. पुढच्या पावसाळ्यात त्याच्या विहिरीवरची मोटर जळाली, मी दोन दिवस जाऊन ती बांधून दिली. परतफेड म्हणून गेलो नाही. माझ्या हातात ते काम होतं आणि त्याला गरज होती. तुमच्या हातात सध्या काय आहे? बहिणीच्या मुलांना सुट्टीत गणित शिकवता का? तुम्ही रोज जे वाचता त्यातलं निम्मं त्यांच्या कामाचं असेल.

देवळातले लोक विचारतात हे खरं आहे आणि ते चुकतात. आमच्याकडेही एकदा एका पोराला असं विचारलं गेलं, तो परत आला नाही. आबांनी मग सगळ्यांना बजावलं की टाळ हातात असेपर्यंत नोकरीचं, लग्नाचं आणि शेतीच्या भावाचं काढायचं नाही.

सातपुड्याची ताई, तुमचं बोलणं मी मनात ठेवलंय. माझ्या बायकोला मी तेव्हा ‘होईल सगळं ठीक, विठ्ठल आहे’ असं म्हणायचो आणि ती काही बोलायची नाही. तुमचं वाचून तिला आज विचारलं. ती म्हणाली, ‘विठ्ठल आहे हे मला माहीत होतं. बिबड्यांचे पैसे कोणाकडे बाकी आहेत ते तुम्ही लिहून ठेवायला लागलात तेव्हा मला बरं वाटलं.’

विवेकी भाऊ, माझा ग्रॅच्युइटीचा अर्ज गेलेला आहे. तारखा पडताहेत, मी जातो. सकाळी कचेरीत हक्काचं मागायचं आणि संध्याकाळी हरिपाठाला उभं राहायचं, यात मला अडचण वाटत नाही. उलट आमच्यातले चौघं एकत्र अर्ज करायला तयार झाले ते मंदिराच्या पायरीवर बसूनच. ज्याला एकट्याला साहेबापुढे बोलता येत नव्हतं, त्याच्यासोबत आम्ही तिघं गेलो.

विवेकी_जळगाव

हे वाचून आनंद झाला. पायरीचं श्रेय पायरीला द्यायला माझी काहीच हरकत नाही. चौघांच्या पगारपत्रकांच्या झेरॉक्स आणि हजेरीचा काही पुरावा असेल तर तारखेला सोबत ठेवा. नियुक्तीपत्र नसेल तर पीएफचं पासबुक आणि बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी कामाला येतात.

अभ्यासिका_धुळे

दादा, गणिताचं कधी डोक्यात आलं नव्हतं. भाची आठवीत आहे, बीजगणितात अडकते. बहिणीला फोन केला. आधी गप्प राहिली, मग म्हणाली, रविवारपासून पाठवते, पण तुझा अभ्यास सोडून नको. भुसावळच्या भाऊंचं दोनदा वाचलं.

सातपुड्याची_लेक

विवेकी दादा, एक विचारायचं होतं. मिस्टरांचा पुण्यात ईएसआय कापला जायचा, पगार २१ हजारांच्या आत होता. आता आम्ही इकडे राहतो. त्या योजनेसाठी पुण्याला जावं लागेल का? आणि नोकरी सुटून बरेच महिने झालेत.

विवेकी_जळगाव

ताई, आधी त्यांचा विमा क्रमांक शोधा, जुन्या पगारपत्रकावर किंवा ईएसआयच्या कार्डावर असतो. नोकरी जाण्याआधी ठरावीक काळ विमाधारक म्हणून काम झालेलं असायला हवं, किती ते शाखेत विचारा. दावा ऑनलाइन भरता येतो, त्यासाठी आधार आणि बँक खाते जोडलेलं लागतं. पुण्याला जाण्याआधी जवळच्या शाखा कार्यालयात क्रमांक दाखवून विचारा. उशिराचं कारण लेखी द्यायची तयारी ठेवा. मी सोमवारी माझ्या कामासाठी तिकडे जाणारच आहे. इथे कोणाला आणखी प्रश्न असतील तर त्याआधी लिहा, सगळे एकदम विचारून येतो.